किरणांचा चिमटा

इटलींतील कोर्ती ह्यांनीं १७७४ सालीं पाणवनस्पतीच्या पेशींत रस फिरतांना पाहिला. पुढें दोन शतकें बहुधा पाहण्यावरच भागलें. १९८९ सालीं अमेरिकेंतील अॅश्किन ह्यांनीं जिवंत पेशींतील कण लेझरच्या झोतानें, चिमट्यांत धरावे तसे, धरले. असले प्रयोग परदेशींच व्हावयाचे, अशी आमची जुनी समजूत! पण मुंबईस, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, रूप मल्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भक्षक पेशींना सूक्ष्म मणी गिळावयास लावले, आंत ओढला जाणारा मणी त्याच किरणांनीं अडविला व ओढीचें बळ मोजलें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मोठा मौजेचा आहे. कायनेसिन हें वाहक प्रथिन एकटें बळकट, पण त्यास संगतीनें ओढणें साधत नाहीं. डायनीन एकटें दुबळें, परंतु अनेक डायनीन भार वाटून घेतात आणि मणी खेंचून नेतात.