चाळीस लिटर रसाची एक बाटली



कॅनडाहून आलेल्या नणंदेनं मेपल सिरपची बाटली आणली. सासूबाईंनी पहिलंच विचारलं, "मध नाही ना हा?" मध नाही, मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक. पण माझ्या मनात वेगळीच शंका आली. हा रस आटवला कशात, आणि ते भांडं धुतलं कशानं?

उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी बर्चच्या सालीच्या भांड्यांत हा रस धरत. युरोपीय लोक आले तशा लोखंडाच्या नि तांब्याच्या कढया आल्या. 1858 मध्ये ओहायोच्या डी. एम. कुक यांनी पसरट, कप्प्यांच्या कढईचं पेटंट घेतलं आणि रस झटपट आटू लागला. पुढे कथील दिलेल्या पत्र्याच्या कढया आणि जस्ताचा थर दिलेल्या बादल्या सर्रास झाल्या. त्यांच्या सांध्यांना शिशाचं डाग दिलेलं असे.

इथेच खरी गोम आहे. साधारण चाळीस लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. पाणी उडून जातं. भांड्यातून रसात उतरलेलं शिसं मात्र तसंच राहतं आणि घट्ट होत जातं. म्हणून गेल्या काही दशकांत जुनी भांडी मोडीत काढून स्टेनलेस स्टीलच्या टाक्या नि कढया आणल्या गेल्या.

धुण्याचा नियमही त्यातूनच आला. वासाचा साबण चालत नाही, कारण त्याचा अंश सिरपच्या चवीत येतो. टाकीत कालचा रस राहिला तर आजचा आंबतो, म्हणून रोज गरम पाण्यानं धुवायची. कढईच्या तळाशी 'साखरेची वाळू' बसते. ती मॅलिक आम्लाच्या कॅल्शियम क्षारांची असते. पातळ व्हिनेगर रात्रभर ठेवलं की सुटते. काही जण हंगामाच्या शेवटचा रसच कढईत आंबू देतात, त्याचं आम्लही तेच काम करतं. क्लोरीनचं ब्लीच मात्र वर्ज्य, कारण त्यानं स्टीलला खड्डे पडतात. आपल्या डब्यांनाही हा नियम लागू आहे हं!

एक प्रश्न उरला होता. फेस उतू जाऊ नये म्हणून पूर्वी कढईवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगायची पद्धत होती; कुणी लोणी, साय टाकत. हे वाचून मी बाटली कपाटात मागे सारली. नणंदेनं मग त्या शेतकऱ्यालाच फोन केला. तो करडईचं तेल वापरतो, टाकी गरम पाण्यानं धुतो, कढईला व्हिनेगर लावतो आणि पुन्हा भरपूर पाण्यानं काढतो.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाटलीवर हे काहीच लिहिलेलं नाही. बरं झालं विचारलंस." त्या दिवशी घावनांवर सिरप वाढलं. पुढची बाटली आली, तर पुन्हा विचारणार.