तंबाखूच्या पानाची पारख : गगनबावड्याच्या घाटमाथ्यावरून एक विचार

हाताने वळलेल्या उंची सिगारीची चव घेणे आणि तिची पारख करणे हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास प्रथमदर्शनी उथळ वाटण्याचा संभव आहे. शौकिनांच्या बैठकीतील ही गोष्ट; तिचा दप्तरांशी, सनदांशी व शेतसाऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु पारख ही केवळ जिभेची गोष्ट नव्हे. पारख करावयाची म्हणजे चांगल्या-वाइटाचे निकष ठरवावे लागतात, त्या निकषांना शब्द द्यावे लागतात आणि निवाडा देण्याचा अधिकार कोणाकडे तरी सोपवावा लागतो. निकष, शब्द आणि अधिकार ही तिन्ही इतिहासात घडतात. म्हणून प्रस्तुत लेखात एकच प्रश्न विचारास घेतला आहे : तंबाखूचे पान चांगले की वाईट हे सांगण्याचा अधिकार वास्तविक कोणाचा? ओढणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की ते पिकविणाऱ्या, निवडणाऱ्या व वळणाऱ्या हातांचा?

या विचारासाठी गगनबावडा हे ठिकाण निवडण्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे, कारण गगनबावडा काही तंबाखूचे गाव नव्हे. कोल्हापूरपासून पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर ते वसले आहे. येथून करूळ व भुईबावडा या दोन घाटांनी वाट कोकणात उतरते. कोल्हापूर जिल्ह्यातील अतिवृष्टीचे हे ठिकाण असून येथे वर्षास पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उलट कोल्हापूरच्या आग्नेयेस कागल, निपाणी व चिकोडी हा तंबाखूचा टापू आहे. तेथील पर्जन्यमान हजार मिलिमीटरच्या आतले. गगनबावडा आणि निपाणी यांच्यातील अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पण तेवढ्या अंतरात तंबाखूच्या पानाचे सारे भवितव्य बदलते. सुकविलेले पान हवेतील ओल शोषून घेते. हवा फार कोरडी असली तर ते हातात घेताच चुरते. बेताची ओल असली तर मऊ पडते आणि घडी सोसते. ओल वाढली की त्यावर बुरशी धरते. उंची सिगारी ज्या पेटीत ठेवतात तिच्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखावी लागते, ती याच कारणास्तव. गगनबावड्यास पावसाळ्याचे चार महिने हवा जवळजवळ संपृक्त असते. जे काम अन्यत्र पेटी करते ते येथे निसर्ग अतिरेकाने करतो. पानाची पारख म्हणजे मुळात ओलीची पारख, ही गोष्ट या घाटमाथ्यावर जितकी स्पष्ट दिसते तितकी खालच्या पठारावर दिसत नाही.

ऐतिहासिक दृष्ट्याही हे स्थान नाक्याचे. गगनगडाच्या पायथ्याचा हा मुलूख पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचा. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असता ज्यांनी महाराष्ट्रातील कारभाराची धुरा वाहिली, त्या रामचंद्र नीलकंठ अमात्यांचे हे घराणे. पुढे ते कोल्हापूरच्या गादीशी एकनिष्ठ राहिले. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी या प्रांतातील इतर किल्ल्यांबरोबर गगनगडाचीही तटबंदी पाडली. रामचंद्रपंतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १७१६ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त व्यापाऱ्यांविषयी जी दृष्टी आहे ती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सावकार ही राज्याची शोभा आहे, त्यास मानाने वागवावे. पण टोपीकरांचा व्यापार हा केवळ व्यापार नसतो, त्यामागे भूमीची इच्छा असते, असे त्या ग्रंथाचे सांगणे आहे. घाटाच्या तोंडाशी राहून समुद्राकडे पाहणाऱ्या मुत्सद्द्याची ही दृष्टी होय. तंबाखू हा या टोपीकरांबरोबर आलेला पदार्थ. आणि ‘आज्ञापत्र’ लिहिले गेले तेव्हा तो देशावर येऊन शंभर वर्षे उलटून गेली होती. पुढे इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत कोल्हापूर संस्थानातून बाहेर जाणाऱ्या मालात गूळ, कापूस व धान्य यांच्या जोडीने तंबाखूचीही गणना झालेली आढळते. १८९१ मध्ये कोल्हापुरास आगगाडी आली. तोपर्यंत कोकणाशी चालणारी देवघेव घाटवाटांवरच अवलंबून होती.

तंबाखू देशावर कसा रुजला याचा सर्वांत बोलका पुरावा विजापूरचा आहे, आणि त्या काळी कोल्हापूर-पन्हाळ्याचा हा मुलूख विजापूरच्याच अमलाखाली होता. अकबराचा वकील असद बेग हा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. शहजादा दानियालशी ठरलेल्या विवाहासाठी आदिलशहाच्या मुलीस घेऊन जाणे हे त्याचे काम. तेथे त्याने तंबाखू पाहिला. उत्तरेत तो त्याच्या दृष्टीस पडला नव्हता. १६०४-०५ च्या सुमारास परत जाताना त्याने बादशहासाठी रत्नजडित नळी, यमनी अकीकाचे मुखनळ, सोन्याचे धूम्रपात्र आणि आदिलशहाने दिलेली एक चंची तंबाखूने भरून नेली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली : आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, तेव्हा तिचे गुणदोष कसे सांगावेत? असद बेगाचे उत्तर असे की, फिरंग्यांतही विचारी माणसे आहेत, त्यांनी परीक्षा केल्यावाचून ती घेतली नसेल. शिवाय प्रत्येक रूढी केव्हातरी नवीनच असते. बादशहास हा युक्तिवाद आवडला. मात्र त्याने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी ती उचलली, व्यापाऱ्यांनी माल विकण्यास आरंभ केला आणि अवघ्या बारा-तेरा वर्षांत, १६१७ मध्ये, जहांगीरास तंबाखूवर बंदी घालावीशी वाटली.

या प्रसंगात पारखीचे तीन अधिकारी समोरासमोर येतात : ग्रंथप्रामाण्य मानणारा हकीम, परदेशी अनुभवाचा हवाला देणारा वकील आणि स्वतः चव घेऊन पाहणारा बादशहा. चौथा अधिकारी, म्हणजे ज्याने ते पान पिकविले, सुकविले व चंचीत भरण्याजोगे केले तो, या वृत्तांतात कोठेच नाही. नळीच्या रत्नांचे वर्णन आहे, पानाच्या जातीचे नाही. पुढील तीन शतकांच्या साधनांवर या पहिल्या वृत्तांताची छाप आहे असे म्हणावयास हरकत नाही. ‘योगरत्नाकरा’सारख्या वैद्यकग्रंथात तमाखूचे गुणधर्म आले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत व इतर वाङ्मयातील तंबाखूचे उल्लेख चिकाटीने एकत्र केले, आणि या विषयाच्या अभ्यासकास त्यांच्या ऋणात राहणे भाग आहे. पण मुळात ते उल्लेखच बहुतांशी सेवन करणाऱ्यांचे आहेत. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्या हाती हुक्काही होता.

आता सिगारीकडे वळू. १४९२ मध्ये कोलंबसाच्या माणसांना क्यूबा बेटावर पानांची सुरळी पेटवून ओढणारे लोक दिसले. तेथून हा प्रकार स्पेनमध्ये आणि स्पेनच्या फिलिपाईन वसाहतीत गेला. फिलिपाईनमध्ये १७८२ पासून सुमारे शंभर वर्षे तंबाखूचा सरकारी मक्ता होता. आपल्याकडे दक्षिणेत चिरूट प्रसिद्धीस आला. हा शब्द तमिळ ‘शुरुट्टु’ म्हणजे सुरळी यावरून झालेला आहे. त्रिचनापल्ली व दिंडिगल येथील चिरूट विलायतेपर्यंत पोचले. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉनन डॉइलच्या पहिल्या शेरलॉक होम्स कादंबरीत तो गुप्तहेर राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखतो. यावरून त्या मालाची ख्याती कळते. येथेही नाव गावाचे झाले आहे; वळणाऱ्याचे नव्हे.

उंची सिगारीची घडण तीन प्रकारच्या पानांची असते. आत गाभ्याची पाने, त्यांस धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर नितळ, लवचिक असे वेष्टणाचे पान. ही पाने आधी ढिगाने रचून आंबवितात. ढिगात उष्णता वाढते, ढीग वरचेवर फिरवावा लागतो आणि या क्रमात पानातील अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. गाभा आवळून भरला तर धूर ओढला जात नाही. सैल भरला तर सिगार भराभर जळते व कडवट होते. चव घेणाऱ्याची रीतही याच घडणीस अनुसरून ठरली आहे. तो प्रथम वेष्टणाचा रंग व शिरा पाहतो, बोटांनी हलके दाबून भरण सारखी आहे की नाही हे अजमावतो, न पेटविता वास घेतो. मग ज्योत न टेकविता टोक शेकून पेटवितो आणि मिनिटास एखादा झुरका घेतो. धूर छातीत न घेता तोंडात खेळवतो. सिगारीच्या पहिल्या, मधल्या व शेवटच्या भागातील चवीचा फरक आणि राखेचा घट्टपणा यांवरून तो आपले मत देतो. या क्रमाकडे बारकाईने पाहिले तर असे दिसून येते की, आस्वादकाची प्रत्येक कसोटी म्हणजे कारागिराने आधीच घेतलेल्या एखाद्या निर्णयाची उलट तपासणी आहे. बोटांनी दाबून जे तो शोधतो ते वळणाऱ्या बोटांनी आधीच जाणलेले असते. रसिकता ही येथे कारागिरीची प्रतिध्वनी आहे. मूळ ध्वनी नव्हे.

निपाणीच्या टापूतील पान विडीचे आहे, सिगारीचे नव्हे. तरी पारखीचे तत्त्व तेच. रोपाचा शेंडा खुडणे, फुटवे काढणे, यांमुळे झाडाचा जोम पानात उतरतो. पान उन्हात सुकविले जाते आणि ते चुरू नये म्हणून दहिवराची ओल असतानाच हाताळावे लागते. पिवळसर-तांबूस रंग आणि त्यावर उमटलेले तपकिरी ठिपके ही विडीच्या चांगल्या पानाची खूण मानतात. कडक, मवाळ, जहाल हे शब्द येथे दररोजच्या वापरातले आहेत. सिगारीच्या शौकिनांचा परदेशी शब्दसंग्रह कितीही विस्तृत असो, पान हातात घेऊन त्याची ओल, जाडी व तेज एका क्षणात सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या ज्ञानाहून तो अधिक खोल आहे, असे मानण्यास आधार नाही. अंतर ज्ञानाचे नाही. ते ज्ञान मोलाचे मानले जाण्याचे आहे.

हे अंतर किती महाग पडते हे १९८१ ने दाखविले. निपाणी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. टापू मराठी भाषकांचा, बाजार व्यापाऱ्यांचा. पान पिकविणारा त्याची प्रत जाणत होता, पण प्रत ठरवून भाव सांगण्याचा अधिकार खरेदीदाराकडे होता. या अधिकाराविरुद्ध शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मार्च १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास वखारींतून तंबाखू कुटणाऱ्या व चाळणाऱ्या स्त्रियांनीही आपली संघटना उभी केली होती. ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट तयार केला. खकाण्याने भरलेल्या वखारीत दिवसभर काम करणाऱ्या या स्त्रियांचे नाक तंबाखूची प्रत ओळखण्यात कोणा शौकिनाहून कमी नव्हते. त्या ज्ञानाची किंमत मात्र त्यांनी आपल्या छातीने मोजली. तंबाखूच्या सेवनाने होणारा कर्करोग आता निर्विवाद सिद्ध आहे. धूर छातीत न घेतल्याने सिगार निरुपद्रवी ठरत नाही. परंतु ज्यांनी कधी झुरकाही घेतला नाही, त्यांच्याही शरीरात या पानाचा इतिहास साठलेला आहे.

एका बाबतीत कायद्याने इतिहासकारांपेक्षा अधिक समदृष्टी दाखविली. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींसंबंधीच्या १९६६ च्या अधिनियमाने या दोन्ही वस्तू एकाच शीर्षकाखाली घेतल्या. एक श्रीमंताच्या ओठांतली, दुसरी मजुराच्या. पण दोहोंच्या मागे तेच बोटांचे काम. कामगारांना काम करीत असता ऐकण्यासाठी वाचक नेमण्याची प्रथा १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात सुरू झाली. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांतही एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे व इतरांनी विड्या वळत ऐकावे, अशी रीत होती. हात गुंतलेले, पण कान व बुद्धी मोकळी, अशा या वर्गास केवळ ‘श्रमिक’ म्हणून नोंदविणे अपुरे आहे.

यावरून अभ्यासकांपुढे एक काम उभे राहते. गगनबावड्याच्या घाटनाक्यापासून निपाणीच्या वखारीपर्यंतचा हा पट्टा एका सलग चौकशीचा विषय व्हावा. जकातीच्या हिशेबांतून व व्यापाऱ्यांच्या वह्यांतून तंबाखूची किती ओझी कोठे गेली, हे समजेल. पण प्रतवारीचे शब्द, ओलीची परीक्षा आणि ढीग फिरविण्याची वेळ ओळखण्याची खूण ही माहिती ज्यांनी हे काम केले त्या वृद्ध शेतकऱ्यांच्या व कामगार स्त्रियांच्या तोंडूनच मिळेल, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. असद बेगाने चंची वर्णिली आणि ती भरणारा हात वगळला. चारशे वर्षांनंतर आपण तेच करावयाचे की नाही, हे ठरविणे आपल्या हाती आहे.