उत्खननाच्या नोंदी आणि त्यांची आंतरजालावरील उपलब्धता : इनामगावच्या संदर्भात

प्रस्तावना

पुरातत्त्वविद्या ही आपल्या साधनाचा नाश करूनच ज्ञान मिळवणारी विद्या आहे. मातीचा एकदा काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. उत्खनन संपल्यावर खोदलेल्या भागाच्या जागी उरतात त्या केवळ वस्तू, क्षेत्रवह्या, छेदरेखाटने आणि छायाचित्रे. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी अहवालाचे प्रकाशन हे उत्खननकर्त्याचे कर्तव्य मानले, ते याच कारणाने. अहवाल प्रसिद्ध होणे आणि नोंदी सर्वांना उपलब्ध होणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार इनामगावच्या उत्खननाच्या आधारे केला आहे.

मुद्रित अहवालांची परंपरा

व्हीलर यांच्या कारकिर्दीत, १९४६ साली, ‘एन्शन्ट इंडिया’ हे सर्वेक्षणाचे नियतकालिक सुरू झाले. १९५३-५४ पासून ‘इंडियन आर्किऑलॉजी : ए रिव्ह्यू’ या वार्षिकात देशभरातील उत्खननांचे संक्षिप्त वृत्तान्त येऊ लागले. सविस्तर अहवालांची स्थिती मात्र सर्वत्र सारखी नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ दरम्यान केलेल्या नेवासे उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. याउलट राजस्थानातील कालीबंगा येथे १९६० ते १९६९ या काळात उत्खनन झाले. त्यातील पूर्व हडप्पा काळाचा अहवाल २००३ मध्ये, तर हडप्पा काळाचा पहिला भाग २०१५ मध्ये आला. या दीर्घ अवधीत अभ्यासकांच्या एका पिढीला संक्षिप्त वृत्तान्तांवर आणि उत्खननकर्त्यांच्या फुटकळ लेखांवरच विसंबून राहावे लागले.

इनामगावचा दाखला

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये प्रकाशित झाला. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन टप्प्यांची ही वसाहत. घरांचे आराखडे, धान्याचे अवशेष, जनावरांची हाडे आणि घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली बालके यांमुळे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्याचे जीवन येथे तपशिलाने समोर आले. उत्तर जोर्वे काळात हवामान शुष्क होत गेले, शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे वळले, अशी मांडणी ढवळीकर यांनी केली.

ही मांडणी पुढे पुन्हा तपासली गेली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या अस्थींचा नव्याने अभ्यास करून हवामानबदलाच्या प्रश्नाची फेरतपासणी केली. अस्थी जतन केलेल्या होत्या आणि अभ्यासकाला त्या हाताळता आल्या, म्हणूनच हे शक्य झाले. अहवालात निष्कर्ष असतो. त्या निष्कर्षाशी वाद घालण्याचे साधन मूळ नोंदींत आणि अवशेषांत असते.

आंतरजालाने काय साधले

सर्वेक्षणाचे अनेक जुने अंक व अहवाल आता संगणकावर वाचता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीमुळे पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’ या भांडारातून ते प्रबंध खुले होऊ लागले. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात इनामगावचा अहवाल कधी पोहोचला नाही, तेथील अध्यापकासाठी हा बदल लहान नाही.

तथापि, यांतील बहुतेक सामग्री म्हणजे छापील पानाची प्रतिमा आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ने अहवालांबरोबर उत्खननाच्या संगणकीय नोंदी, छायाचित्रे व नकाशेही जतन करण्याचे काम अंगीकारले. तुर्कस्तानातील चाताल-हुयुक येथे इयान हॉडर यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पाने आपली माहितीसूची आंतरजालावर खुली केली. त्यामुळे थराची नोंद पाहून उत्खननकर्त्याचा अर्थ पडताळणे वाचकाला शक्य झाले.

अध्यापन आणि भाषा

अध्यापनाच्या दृष्टीने हा फरक अधिक जाणवतो. जोर्वे मृद्भांड्यांची ओळख तांबड्या पृष्ठभागावरील काळ्या नक्षीने आणि खापराच्या टणकपणाने होते. कृष्णधवल चित्रपत्रावरून विद्यार्थ्याला त्यांतले थोडेच कळते. मापपट्टीसह घेतलेल्या रंगीत छायाचित्रावरून रंग, आकार आणि नक्षी तरी समजू शकते.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. सांकलिया आणि माटे यांचे ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’, ढवळीकरांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ यांसारखे ग्रंथ मराठीत आहेत, आणि मराठी विश्वकोशाच्या पुरातत्त्वविज्ञान ज्ञानमंडळाच्या नोंदी आंतरजालावर वाचता येतात. उत्खननांचे मूळ अहवाल मात्र प्रामुख्याने इंग्रजीतच आहेत. ज्या गावाच्या पांढरीतून ही सामग्री निघाली, त्या गावातील विद्यार्थ्याला ती आपल्या भाषेत वाचता येऊ नये, ही उणीव केवळ तांत्रिक नाही.

मर्यादा

सर्वच माहिती खुली करणे इष्ट नाही. असंरक्षित स्थळांचे नेमके अक्षांश-रेखांश प्रसिद्ध झाल्यास पुरावस्तूंच्या चोरांना वाट सापडते. शिवाय आंतरजालावर ठेवलेले सर्व काही टिकते असेही नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे मूळ संकेतस्थळ गेल्या दशकात बंद पडले, त्यातील असंख्य ग्रंथ आज वाचता येतात ते त्यांच्या प्रती अन्यत्र ठेवल्या गेल्या म्हणून.

निष्कर्ष

छापील अहवालाची जागा आंतरजाल घेऊ शकत नाही. कारण सामग्रीची संगती लावण्याचे काम अहवालच करतो. परंतु अहवालामागील नोंदी खुल्या झाल्या, तरच पुढील पिढीला ती संगती तपासता येईल. त्यासाठी प्रत्येक उत्खननाच्या आरंभीच नोंदींचे जतन, त्या खुल्या करण्याची मुदत, गोपनीय ठेवावयाचा भाग आणि मराठीतील सारांश यांची योजना ठरली पाहिजे. थर एकदाच वाचता येतो. त्याची नोंद मात्र अनेकांना, अनेकदा वाचता आली पाहिजे.