कडेवरचा सुलतान : तान्ह्या बाळासह नगर पाहताना

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगर शहराच्या इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा भेटते : कुणाच्या तरी कडेवर बसून गादीपर्यंत पोहोचलेले मूल. तान्हे बाळ घेऊन प्रथमच हे शहर पाहायला निघालेल्यांसाठी, आणि बाळ नसलेल्या इतिहासवेड्यांसाठीही, हा धागा.

आरंभ भुईकोट किल्ल्यापासून करावा. अहमद निजामशहाने 28 मे 1490 रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि 1494 मध्ये सीनेकाठी नगर वसवायला घेतले. त्याचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा अवघा सात वर्षांचा होता. नातू हुसेन याने मातीच्या कोटाला दगडी रूप दिले. हुसेन 1565 मध्ये वारला. पुत्र मुर्तजा अज्ञान असल्याने कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिने हाती घेतला. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे. तिच्यातील चित्रांत हुसेनसोबत बसलेली खुंजा नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. राज्य सांभाळणाऱ्या आईवर एवढा राग! या खुंजाचीच मुलगी चांदबिबी.

चांदबिबीलाही हेच काम दोनदा वाट्याला आले. 1580 मध्ये विजापुरात तिने नऊ वर्षांच्या इब्राहिम आदिलशहाच्या नावाने राज्य सावरले. मग 1595 उजाडले. नगरचा इब्राहिम निजामशहा विजापूरकरांशी लढताना मारला गेला आणि मागे उरला तान्ह्या वयाचा बहादूर. वजीर मियाँ मंजूने त्याला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत टाकले आणि अहमद नावाचा दुसराच मुलगा निजामशाही वंशातला म्हणून गादीवर बसवला. हबशी सरदारांना तो मान्य नव्हता. त्यांनी मोती नावाचा आणखी एक मुलगा पुढे आणला. चौथा दावेदार शाह अली, वयाने सत्तरीचा! घरातील भांडण आवरेना, तेव्हा मंजूने थेट मोगलांना बोलावले. अकबराचा पुत्र मुराद डिसेंबर 1595 मध्ये कोटासमोर येऊन ठाकला.

पुढचे शौर्य बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी 1596 मध्ये सुरुंगाने तट फुटला, चांदबिबी स्वतः भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढली. पण मला वेढ्याहून तहाचा भाग अधिक बोलका वाटतो. तहात वऱ्हाड गेले, बदल्यात बहादूरला निजामशहा म्हणून मान्यता मिळाली. ज्याच्या नावाने हे सारे झाले, तो अद्याप चावंडवरच होता. कागदावरचा राजा पुरेसा नव्हता. मंजू अजूनही अहमदचाच हट्ट धरून होता, आणि जोवर खरे मूल नगरात आणून लोकांच्या नजरेसमोर बसवले जात नव्हते, तोवर तहाला वजन नव्हते. अखेर विजापूरच्या आदिलशहाने मंजूला आपल्याकडे बोलावून घेतले, अहमद निजामशाही रक्ताचा नसल्याचे ठरले आणि बहादूरला नगरला आणून गादीवर बसवण्यात आले. चावंड ते नगर आजच्या रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. आपण बाळाला प्रथम शहर दाखवायला नेतो. इथे शहराला बाळ दाखवायला आणले होते.

आता थोडे व्यवहाराचे. गेल्या हिवाळ्यात मोठी ताई आणि तिची सात महिन्यांची लेक यांच्यासह मी हीच फेरी केली. किल्ला लष्कराच्या अखत्यारीत आहे, ओळखपत्र जवळ असावे. तटाचा घेर दीड किलोमीटरहून अधिक. सगळा चालण्याचा अट्टहास धरू नये. बाबागाडी घरी ठेवावी, झोळी किंवा कडेच बरी. दमडी मशीद (1567) लहान आहे, पण तिच्या दगडावरचे कोरीव काम जवळून पाहण्याजोगे. बाळाची बोटे त्यावरून फिरायला निघाली की आवरावी लागतात. दुधाची वेळ फराहबागेत गाठावी. 1583 मध्ये पूर्ण झालेला हा महाल एकेकाळी पाण्याने वेढलेला होता; आज पाणी नाही, सावली मात्र भरपूर आहे. शहा डोंगरावरील तिमजली अष्टकोनी वास्तू वाऱ्याची आहे, कुंची विसरू नये. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती मुर्तजाचा वजीर सलाबतखान याची कबर होय. ताईला हे सांगितले तर ती म्हणाली, “असू दे रे, इतक्या उंचावरून शहराकडे बघत तीच उभी असावी असं वाटतं.” यावर इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाद घालू नये.

बहादूरचे पुढे काय झाले? जुलै 1600 मध्ये स्वकीयांच्याच जमावाने चांदबिबीला ठार केले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि त्या लहानग्या सुलतानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली.

एवढ्यावर संपत नाही. मलिक अंबरने निजामशाही पुढे चालवली. 1633 मध्ये दौलताबादही गेल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एक लहान मूल शोधून संगमनेर तालुक्यातील पेमगिरीवर त्याला मुर्तजा म्हणून गादीवर बसवले. राजे त्याला मांडीवर घेऊन सिंहासनावर बसत, असे परंपरा सांगते. जिल्हा फिरायला आणखी एक दिवस हाताशी असेल तर पेमगिरी अवश्य पाहावी. गावाजवळचा प्रचंड विस्ताराचा वटवृक्ष बाळाला किल्ल्याहून अधिक आवडेल. तीन वर्षे ते मूल राजांसोबत गडागडांवरून फिरले. 1636 मध्ये माहुलीला शाहजहानच्या आणि आदिलशहाच्या फौजांनी कोंडी केली, तह झाला आणि मूल मोगलांच्या स्वाधीन करावे लागले. त्यालाही ग्वाल्हेरलाच धाडण्यात आले.