मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी : दोन संहिता
इंग्लंडमधील योमन, म्हणजे जमीन कसणारा सधन शेतकरी, याचे मृत्युपत्र हा त्याचा आत्माविष्कार मानण्याचा मोह टाळला पाहिजे. आत्मा ईश्वराला अर्पण करणारी प्रारंभीची वाक्ये पुष्कळदा लेखनिकाची असत, हे मार्गारेट स्पफर्ड यांनी दाखवून दिले आहे. १५२९ च्या कायद्याने आवश्यक ठरलेली मालमत्तेची यादी त्याहून वस्तुनिष्ठ वाटते. शेजारी बहुधा खोल्याखोल्यांतून फिरून पलंग, पितळी भांडी, धान्य, गुरे यांच्या किमती ठरवीत. परंतु मालकीहक्काची जमीन तीत नसे. आणि विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता कायद्याने पतीची असल्यामुळे तिने कातलेले सूतही त्याच्याच नावे मोजले जाई. म्हणून या संहितेत काय नोंदले आहे याइतकेच, ते कोणाच्या नावे नोंदले आहे, हेही वाचावे लागते.