पूर्णाकाठचे खारे पाणी

पिण्याजोग्या पाण्याला मराठी माणूस ‘गोडे पाणी’ म्हणतो. त्यात साखर नसते. ते खारे नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्यांच्या विहिरीला समुद्र शेजारी आहे, त्या कोकणवासीयांना या शब्दाचे मोल समजावून सांगावयास नको. परंतु समुद्रापासून शेकडो मैल दूर, वऱ्हाडच्या काळ्याभोर कपाशीच्या मुलखातही पिढ्यान् पिढ्या लोकांनी खारे पाणी प्यालेले आहे, ही गोष्ट पुण्या-मुंबईकडील पुष्कळ वाचकांना नवी वाटेल.

सातपुड्यात उगम पावून पश्चिमेकडे वाहणारी आणि चांगदेवजवळ तापीस मिळणारी पूर्णा ही वऱ्हाडची जीवनवाहिनी. (मराठवाड्यातून जाऊन गोदावरीस मिळणारी पूर्णा ती वेगळी.) या नदीच्या दोन्ही अंगांस, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून जो प्रदेश पसरला आहे, त्याला लोक ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाचे येथे जाड थर आहेत. माती चिकण, निचरा मंद, उन्हाळा कडक. गाळातले क्षार वाहून जात नाहीत, ते पाण्यात उतरतात. विहीर खणली तर पाणी लागते, पण तोंडात घेतले की ते खारट लागते.

हा खारटपणा राज्यकर्त्यांच्या ध्यानात फार पूर्वी आला होता. अकोल्याच्या उत्तरेस खोल विहिरी खणून, त्यांतले पाणी उन्हात आटवून, मीठ काढण्याचा धंदा एके काळी चालत असे. 1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला आणि 1870 साली या प्रांताचे जे गॅझेटियर प्रसिद्ध झाले, त्यात या मिठाच्या विहिरींची नोंद आहे. विहीर किती खोल, पट्टा किती लांब, हे सारे साहेबाने लिहून ठेवले. मिठावर कर होता. तेव्हा मीठ कोठे निपजते याची चौकशी सरकारने करावी, हे साहजिकच होते.

पुढे 1930 साल उजाडले. गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले. वऱ्हाडाला तर समुद्र नाही! मग कायदा मोडावा कसा? पूर्णाकाठच्या माणसांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लांब जावे लागले नाही. त्याच एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे सत्याग्रह्यांनी विहिरीचे खारे पाणी कढयांत आटवून मीठ काढले आणि कायदेभंग केला. तीन महिन्यांनी, जुलैत, लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो प्रसिद्धच आहे. पण दहीहंड्याच्या त्या कढयांचीही आठवण ठेवली पाहिजे.

असो. सरकारने या पाण्यात महसूल पाहिला, सत्याग्रह्यांनी शस्त्र पाहिले. पण जे कुटुंब हेच पाणी रोज पीत होते, त्याचे काय? त्याची कथा दप्तरांत कमी आणि घराघरांत अधिक सापडते. डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. गोडे पाणी दुरून डोक्यावर किंवा बैलगाडीवर आणावयाचे. ते पाहुण्यासाठी आणि लहान लेकरासाठी जपून ठेवावयाचे. खारपाणपट्ट्यात मुलगी देताना बाप दहादा विचार करी. दोष जावयात नसे, विहिरीत असे.

जिभेची मात्र एक खोड आहे. तिला सवय होते. वर्ष-दोन वर्षांत खारे पाणी खारे वाटेनासे होते. शरीराला मात्र हिशेब चुकवता येत नाही. मिठातील सोडियम रक्तात वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो आणि जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार या दोन डॉक्टरांनी 1904 सालीच दाखविला होता. 1988 साली 32 देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि तो अधिक पक्का झाला. दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हा सारा विचार ताटातल्या मिठाचा होता. तांब्यातल्या मिठाचे काय?

हा प्रश्न नीट विचारला गेला तो बांगलादेशात. 1975 साली गंगेवर फरक्का बंधारा सुरू झाला आणि उन्हाळ्यात खाली जाणारे गोडे पाणी घटले. त्यात कोळंबीच्या शेतीसाठी खारे पाणी आत घेतले जाऊ लागले. 2007 चे सिद्र आणि 2009 चे आयला ही चक्रीवादळे आली. खुलना जिल्ह्यातील डाकोप भागाचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. कोरड्या ऋतूत तेथील गर्भवती स्त्रियांच्या पोटात नुसत्या पाण्यातून रोज 5 ते 16 ग्रॅम सोडियम जात असावे, असा त्यातला अंदाज आहे. 5 ग्रॅम मिठात सोडियम असते अवघे 2 ग्रॅम! याच ऋतूत त्या स्त्रियांमध्ये रक्तदाबाचा विकारही अधिक आढळला. आई आणि बाळ दोघांनाही धोका असणारा हा विकार.

पूर्णाकाठी समुद्र नाही आणि येथील पाण्यात नुसते मीठच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट असे अनेक क्षार आहेत. भारतीय मानकानुसार लिटरमागे 500 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार ही योग्य मर्यादा. दुसरे पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावयाचे. उन्हात राबणारा शेतकरी दिवसाला चार लिटर असे पाणी प्याला, तर 8 ग्रॅम क्षार पोटात गेले. या भागातील कित्येक गावे मूत्रपिंडाच्या विकारांनी गांजलेली आहेत. डॉक्टर रक्तदाब, मधुमेह, ऊन आणि वेदनाशामक गोळ्या यांचीही नावे घेतात, आणि तेही खरेच आहे. पण ज्या मूत्रपिंडावर आधीच इतकी ओझी आहेत, त्याला खारे पाणी हलके कसे होणार?

आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटून ते दाटच होतात. तुरटीने आणि फडक्याने गाळ जातो, खारटपणा जात नाही. उपाय एकच, दुसरे पाणी. म्हणून पावसाचे पाणी साठवणारे टाके, म्हणून धरणांतून नळाने आणलेले पाणी. अकोला जिल्ह्यातल्या योजनांची नावेच ‘84 खेडी’ आणि ‘64 खेडी’ अशी आहेत. इतकी गावे एका नळावर अवलंबून. नळ चार दिवस थांबला की दोर पुन्हा त्याच विहिरीत जातो.

गाडगेबाबा याच पूर्णेच्या खोऱ्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. तहानलेल्याला पाणी द्या, हे त्यांचे सांगणे सर्वांच्या तोंडी आहे. दहीहंड्याच्या पाण्यातले मीठ साहेबाने मोजले, सत्याग्रह्यांनी आटवून दाखविले. ते पाणी पिणाऱ्या माणसाचा रक्तदाब गावोगाव मोजला जावा आणि त्याच्या दारी गोडे पाणी रोज यावे, एवढे झाले तर बाबांच्या सांगण्याचा अर्थ आपल्याला कळला असे म्हणता येईल.