रोमन चेहरा, मराठी पगडी

१/ मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, संगमरवरी इंग्रज गव्हर्नरांच्या सोबतीला पगडी घातलेला एक मराठी माणूस आहे : जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. हा पुतळा तेथे असण्याचे महत्त्व समजण्यासाठी आधी प्राचीन रोममध्ये जावे लागते.

२/ रोमची प्रतिष्ठित घराणी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दर्शनी दालनात जपत व अंत्ययात्रेत मिरवत. संगमरवरी आवक्ष पुतळ्यांतही हीच वृत्ती दिसते. सुरकुत्या, टक्कल, ओघळलेले गाल, काहीही लपवले जात नसे. कारण सुरकुती ही अनुभवाची आणि लोकसेवेची खूण मानली जाई.

३/ हे पुतळे मुळात पांढरे नव्हते. केस, ओठ, डोळे रंगवलेले असत. काळाच्या ओघात रंग उडाले. अठराव्या शतकातील युरोपने उत्खननात सापडलेले पुतळे पाहिले आणि शुभ्रतेलाच अभिजाततेचा निकष मानले. विंकेलमानचे लेखन आणि कानोव्हाची शिल्पे यांतून नवअभिजात शैली रुजली. तिच्या शुभ्रतेच्या मुळाशी असा एक गैरसमज आहे.

४/ स्वतःला नवे रोम समजणाऱ्या साम्राज्याला ही शैली सोयीची होती. १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलचे डोरिक खांब त्याच अभिरुचीचे. आतील एल्फिन्स्टन व माल्कम यांचे पुतळे लंडनच्या फ्रान्सिस चँट्रीचे. अशी शिल्पे आधी मातीत घडत, मग प्लास्टरमध्ये ओतली जात आणि शेवटी एकेक बिंदू मोजून संगमरवरात उतरवली जात.

५/ महाराष्ट्रातील स्मरणाची रीत निराळी होती. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. वीराचा हुबेहूब चेहरा तेथे शोधू नये. संतांच्या समाधीवर पादुका असतात. पराक्रम स्मरावा, पावले वंदावीत. नाक-डोळे जुळलेच पाहिजेत, असा आग्रह नव्हता.

६/ या दोन परंपरा नानांच्या पुतळ्यात समोरासमोर आल्या. नाना (१८०३–१८६५) हे मुंबईतील शिक्षणकार्याचे आधारस्तंभ आणि रेल्वेसाठी पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्यास पोहोचली. १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत गेले. त्यांचा पुतळा घडवला तो इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबल याने.

७/ युरोपात सेनापती व मुत्सद्दी यांना शिल्पात रोमन टोगा नेसवण्याची हौस होती. ते एक प्रकारचे सोंगच. नानांना रोमन करावे लागले नाही. दगड, तंत्र, शैली परकी. पगडी मात्र त्यांची स्वतःची. राज्यकर्त्यांसाठी घडलेल्या साच्यात एक ‘प्रजाजन’ आपल्याच वेशात उभा राहिला, हे या पुतळ्याचे खरे मोल.

८/ १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून विद्यार्थी शिकू लागले. तेथेच घडलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ साकारली. ग्रीक शिल्पातील वस्त्राच्या चुण्या तिच्या नऊवारीत उतरल्या. आता हातही मराठी झाला होता.

९/ त्याच जे. जे.मधून पुढे कल्याणचे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) बाहेर पडले. गेटवे ऑफ इंडियासमोरील अश्वारूढ शिवराय त्यांचेच. ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांचा आवक्ष पुतळाही त्यांनी घडवला. एकेकाळी लंडनचा शिल्पकार मुरबाडच्या नानांचा चेहरा कोरत होता. पुढे कल्याणचा शिल्पकार लंडनच्या राजघराण्याचा चेहरा घडवू लागला.

१०/ भाऊंची शिल्पे डोंबिवलीच्या शिल्पालयात पाहता येतात. नानांनी ज्या रेल्वेसाठी खटपट केली, त्याच मार्गावरील हे स्थानक. एका टोकाला टाऊन हॉल, दुसऱ्या टोकाला शिल्पालय. रोमन साचा मराठी कसा झाला, हे एका लोकलप्रवासात पाहून होते.